व्हीपीएन जोडलंय, पण ऑफिसचं फोल्डर उघडत नाही: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापुरातला अक्कलकोट रोड एमआयडीसीमधला टॉवेलचा कारखाना असो, नवी पेठेतलं होलसेल दुकान असो की सात रस्त्याजवळचं सीए ऑफिस, मांडणी बहुतेक ठिकाणी सारखीच असते. एका पीसीवर किंवा नॅसवर (नेटवर्कला जोडलेल्या, फायली साठवायच्या डब्यावर) सगळ्या फायली, बाकीच्या मशीनवर तेच फोल्डर झेड ड्राइव्ह म्हणून लावलेलं, आणि पुण्याला गेलेला मुलगा किंवा जुळे सोलापुरातून घरूनच काम करणाऱ्या हिशेबनीस बाई व्हीपीएनने, म्हणजे इंटरनेटवरून ऑफिसच्या नेटवर्कपर्यंत नेणाऱ्या सुरक्षित वाटेने, आत येणार. खालचे प्रश्न अशाच मांडणीतले आहेत.

उदाहरणात ऑफिसचं नेटवर्क १०.५७.२०.०/२४, फाइल सर्व्हर १०.५७.२०.५ आणि व्हीपीएनवरच्या लोकांना मिळणारे पत्ते १०.८.०.०/२४ असे धरलेत (/२४ म्हणजे पहिले तीन आकडे सारखे असलेले सगळे पत्ते). कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत, टाइप करताना अक्षरं आणि आकडे इंग्रजीच हवेत. हे मुद्दाम सांगायचं कारण म्हणजे मराठी कीबोर्ड चालू राहिला की आयपीचे आकडे देवनागरीत पडतात आणि पत्ता सापडत नाही. पासवर्डच्या खान्यात तर नुसते ठिपकेच दिसतात, त्यामुळे चूक लक्षातही येत नाही. आधी खाली उजव्या कोपऱ्यात भाषा बघा.

व्हीपीएन "कनेक्टेड" दाखवतं, तरी फोल्डर का उघडत नाही? सुरुवात कुठून करायची?

"कनेक्टेड"चा अर्थ एवढाच की तुमचा लॅपटॉप ऑफिसच्या व्हीपीएन सर्व्हरपर्यंत पोचला. तिथून फाइल सर्व्हरपर्यंत वाट आहे का, सर्व्हरचं दार उघडं आहे का, दारावरचा तुम्हाला ओळखतो का, आणि आत गेल्यावर त्या खोलीत जायची परवानगी आहे का, हे चार वेगळे प्रश्न आहेत. एरर मात्र बहुतेक वेळा एकच दिसते, "नेटवर्क पाथ सापडला नाही". तिच्या नुसत्या शब्दांवरून काहीच अंदाज बांधू नका (नंबर दिसला तर त्याचा अर्थ खाली दिलाय).

पॉवरशेल उघडा आणि ही एक चाचणी करा:

टेस्ट-नेटकनेक्शन १०.५७.२०.५ -पोर्ट ४४५

विंडोजची फाइल शेअरिंग, म्हणजे एसएमबी, टीसीपी पोर्ट ४४५ वर चालते. शेवटच्या ओळीत "ट्रू" आलं तर वाट आणि दार दोन्ही ठीक आहेत, भानगड युजरनेम, पासवर्ड किंवा परवानगीत आहे. "फॉल्स" आलं तर पासवर्ड बदलत बसण्यात वेळ घालवू नका, सर्व्हरपर्यंत तुम्ही पोचलेलाच नाही.

पिंगवर विसंबू नका. विंडोज फायरवॉल व्हीपीएनकडून आलेला पिंग अडवतो आणि ४४५ मात्र सोडतो असं होऊ शकतं, आणि उलटही होऊ शकतं. पिंगला उत्तर आलं तर आनंद आहे, नाही आलं तर त्यातून काही सिद्ध होत नाही.

घरच्या वायफायवरून फोल्डर येत नाही, मोबाइलच्या हॉटस्पॉटवरून लगेच येतं. असं का?

बहुतेक वेळा घराचं आणि ऑफिसचं नेटवर्क एकाच आकड्यांचं असतं. बाजारात मिळणारे बरेच राउटर १९२.१६८.०.० किंवा १९२.१६८.१.० याच मालिकेत येतात आणि कुणी ते बदलत नाही. ऑफिसचा सर्व्हर १९२.१६८.१.१० असेल आणि घरचं वायफायही १९२.१६८.१ चंच असेल, तर लॅपटॉपला वाटतं की हा पत्ता याच घरातला आहे. तो व्हीपीएनकडे जातच नाही, घरातच १० नंबरचं मशीन शोधतो. कधी कधी त्या नंबरवर घरचा टीव्ही किंवा प्रिंटर बसलेला असतो आणि पिंगला तोच उत्तर देतो. मग शोधणारा आणखीच चक्रावतो.

तपासायला लॅपटॉपवर आयपीकॉन्फिग चालवा. वायफायच्या खालचा पत्ता आणि ऑफिसचा पत्ता यांचे पहिले तीन आकडे जुळले की रोग सापडला.

तात्पुरता इलाज म्हणजे घरच्या राउटरचं लॅन बदलणं, उदाहरणार्थ १९२.१६८.७३.१. पण दहा जणांच्या दहा घरी जाऊन राउटर कोण बदलणार? खरा इलाज ऑफिसच्या बाजूला आहे. तिथली मालिका सहसा कुणी वापरत नाही अशी घ्या. म्हणूनच आम्ही उदाहरणात १०.५७.२० धरलंय. बदल रविवारी करा, कारण प्रिंटर, बायोमेट्रिक हजेरीचं मशीन आणि सीसीटीव्हीचा डीव्हीआर यांना हाताने दिलेले पत्ते असतात आणि तेही बदलावे लागतात. हजेरी मशीन विसरलं तर सोमवारी सकाळी गेटवर रांग लागते.

दोन्ही नेटवर्क वेगळी आहेत, तरी ४४५ ची चाचणी "फॉल्स" येते. आता?

तीन जागा बघायच्या, याच क्रमाने.

पहिली जागा तुमचा लॅपटॉप. ऑफिसकडे जायचा रस्ता त्याला माहीत आहे का? "रूट प्रिंट" चालवा आणि यादीत १०.५७.२०.० दिसतं का बघा. वायरगार्ड (व्हीपीएनचं एक सॉफ्टवेअर) असेल तर कॉन्फिगमधल्या "अलाउड आयपीज"मध्ये १०.५७.२०.०/२४ लिहिलेलं हवं. तिथे फक्त १०.८.०.०/२४ असेल तर व्हीपीएन जोडलं जातं, सर्व्हरपर्यंत काहीच जात नाही. विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनमध्ये "रिमोट नेटवर्कवरचा डिफॉल्ट गेटवे वापरा" ही खूण काढलेली असेल, तर ऑफिसचा रस्ता वेगळा द्यावा लागतो. त्यासाठी पॉवरशेलमध्ये ॲड-व्हीपीएनकनेक्शनरूट ही कमांड आहे, तिला कनेक्शनचं नाव आणि १०.५७.२०.०/२४ द्या. व्हीपीएन तोडून परत जोडा.

दुसरी जागा परतीचा रस्ता. हा सगळ्यात जास्त विसरला जातो. व्हीपीएन सर्व्हर खुद्द राउटरवरच असेल तर प्रश्न येत नाही. पण रास्पबेरी पाय (एक छोटा, स्वस्त संगणक) किंवा एखाद्या जुन्या पीसीवर व्हीपीएन बसवलं असेल, तर तुमचं पाकीट, म्हणजे डेटाचा तुकडा, सर्व्हरपर्यंत पोचतं आणि उत्तर वाटेत हरवतं. फाइल सर्व्हर ते उत्तर आपल्या नेहमीच्या गेटवेला, म्हणजे राउटरला देतो. राउटरला १०.८.०.० हा गाव कुठे आहे हेच माहीत नसतं. राउटरच्या स्टॅटिक रूटच्या पानावर एक ओळ घाला: नेटवर्क १०.८.०.०, मास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून त्या रास्पबेरी पायचा लॅन पत्ता. साध्या राउटरवर हे पानच नसतं. तेव्हा व्हीपीएन मशीनवर नॅट, म्हणजे मास्करेड, चालू करा. मग सर्व्हरला सगळे लोक त्या एकाच मशीनकडून आल्यासारखे दिसतात आणि उत्तर सरळ परत येतं. त्याची किंमत एवढीच की कुणी केव्हा फाइल उघडली हे सर्व्हरच्या नोंदीत आयपीवरून वेगळं कळत नाही. व्हीपीएन मशीन लिनक्सवर असेल तर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे ना हेही बघा. रीस्टार्टनंतर ते बंद पडलं, तर सेटिंग कायमस्वरूपी लिहायचं राहिलेलं असतं.

तिसरी जागा फाइल सर्व्हरचा फायरवॉल. याचा प्रश्न वेगळा घेतो.

ऑफिसात बसून फोल्डर उघडतं, व्हीपीएनवरूनच नाही. फायरवॉलमध्ये नेमकं काय बदलायचं?

विंडोजच्या फायरवॉलमध्ये फाइल शेअरिंगचा नियम असतोच, पण प्रायव्हेट आणि पब्लिक प्रोफाइलसाठी तो "लोकल सबनेट" एवढ्यापुरता असतो. म्हणजे १०.५७.२० च्या घरातल्यांनाच दार उघडं. व्हीपीएनवरून येणारा १०.८.० चा, म्हणजे परक्या गल्लीतला. त्याला बाहेरच ठेवलं जातं, आणि तेही न बोलता.

सर्व्हरवर स्टार्टमध्ये डब्ल्यूएफ डॉट एमएससी टाइप करा. इनबाउंड रूल्समध्ये "फाइल अँड प्रिंटर शेअरिंग, एसएमबी-इन" शोधा. या नावाच्या एकाहून जास्त ओळी असतात, ज्या ओळीत प्रोफाइल "प्रायव्हेट" आहे ती उघडा. स्कोप टॅबमध्ये "रिमोट आयपी ॲड्रेस"खाली ॲड दाबून १०.८.०.०/२४ भरा. लोकल सबनेट तसंच राहू द्या. पिंगही हवा असेल तर "एको रिक्वेस्ट" नावाच्या नियमाला हेच करा.

"एनी आयपी" निवडून मोकळं होऊ नका, आणि पूर्ण फायरवॉल बंद करून "चाललं एकदाचं" असं तर अजिबात नको. तपासणीसाठी दोन मिनिटं बंद केला तर ठीक, पण तो परत चालू केल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही.

त्याच बैठकीत नेटवर्क प्रोफाइलही बघा. राउटर बदलला की विंडोज त्याला नवीन नेटवर्क समजतं आणि "पब्लिक" लावून टाकतं. पब्लिकमध्ये फाइल शेअरिंग बंद असतं. सेटिंग्ज, नेटवर्क, इथरनेट या वाटेने जाऊन "प्रायव्हेट" करा. सर्व्हरवर बाहेरच्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याचा फायरवॉल वेगळा असतो. विंडोजमध्ये केलेला बदल त्याला लागू होत नाही.

आयपी टाकला की उघडतं, सर्व्हरच्या नावाने उघडत नाही.

ऑफिसात नाव चालतं, कारण तिथे मशीन एकमेकांना हाक मारून नाव सांगतात. ही हाक त्याच नेटवर्कमध्ये ऐकू जाते, व्हीपीएनच्या पलीकडे जात नाही. "नेटवर्क"वर क्लिक केल्यावर व्हीपीएनवरून यादी रिकामी दिसते तीही याच कारणाने. तो बिघाड नाही.

सगळ्यात सोपं म्हणजे शॉर्टकटमध्येच \\१०.५७.२०.५\हिशेब असा आयपी वापरणं. नावच हवं असेल तर लॅपटॉपच्या होस्ट्स फाइलमध्ये ओळ घाला. ही फाइल सी ड्राइव्हवर विंडोज, सिस्टम३२, ड्रायव्हर्स, ईटीसी या फोल्डरात असते. नोटपॅड ॲडमिन म्हणून उघडल्याशिवाय ती सेव्ह होत नाही, आणि नोटपॅड मागे चिकटवतं ते टीएक्सटी एक्स्टेंशन तिला नको. डोमेन असलेल्या ऑफिसात व्हीपीएनच्या सेटिंगमध्ये ऑफिसचा डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारा) सर्व्हर द्या.

पासवर्ड बरोबर आहे, तरी परत परत विचारतो.

"बरोबर" कुठला? इथे तीन पासवर्ड एकमेकांत मिसळतात. व्हीपीएनचा, तुमच्या लॅपटॉपचा आणि फाइल सर्व्हरवरच्या खात्याचा. फोल्डरला तिसरा लागतो. युजरनेम लिहिताना आधी सर्व्हरचं नाव, मग उलटी तिरकी रेघ, मग युजर: सर्व्हर१\हिशेब२. नुसतं हिशेब२ लिहिलं तर विंडोज ते तुमच्याच लॅपटॉपवरचं खातं समजू शकतं.

पिन चालत नाही. लॅपटॉप उघडताना जो चार-सहा आकडी पिन टाकता तो त्या मशीनपुरताच असतो. सर्व्हरवरच्या खात्याला पासवर्डच नसेल तरीही आत घेतलं जात नाही. रिकाम्या पासवर्डचं खातं फक्त समोर बसून वापरता येतं, नेटवर्कवरून नाही.

पासवर्ड मध्यंतरी बदलला असेल तर जुना क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये साठून राहतो आणि विंडोज गुपचूप तोच पाठवत राहतं. कंट्रोल पॅनेलमधून क्रेडेन्शियल मॅनेजर, तिथून विंडोज क्रेडेन्शियल्स उघडा, आणि १०.५७.२०.५ ची आणि सर्व्हरच्या नावाची, अशा दोन्ही नोंदी काढा.

एक आडवळणाचं कारण विंडोजच्या स्वतःच्या व्हीपीएनचं आहे. ते व्हीपीएनचंच युजरनेम-पासवर्ड पुढे फाइल सर्व्हरलाही देऊ बघतं. नोटपॅडमध्ये रासफोन डॉट पीबीके ही फाइल उघडा. ती तुमच्या ॲपडेटामध्ये रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, नेटवर्क, कनेक्शन्स, पीबीके इथे सापडते. "यूजरासक्रेडेन्शियल्स=१" ही ओळ शोधून १ चं ० करा. व्हीपीएनचं कनेक्शन पुसून नवीन केलंत तर हे परत करावं लागतं.

एररच्या नंबरांवरून काय कळतं?

सगळे नंबर पाठ करायची गरज नाही, आमच्याकडे वारंवार येणारे एवढेच.

५३ किंवा ०एक्स८००७००३५: सर्व्हरपर्यंत पोचलेला नाहीत. वरची ४४५ ची चाचणी करा.

६७: सर्व्हर सापडला, पण त्या नावाचं शेअर तिथे नाही. स्पेलिंग बघा. सर्व्हरवरच्या फोल्डरचं नाव आणि शेअरचं नाव वेगळं असू शकतं.

१३२६ किंवा ८६: युजरनेम किंवा पासवर्ड चुकला.

५: ओळख पटली, परवानगी नाही. शेअरिंगच्या टॅबमधली आणि सिक्युरिटीच्या टॅबमधली अशा दोन परवानग्या असतात, आणि दोन्हींतली जी कडक ती लागू होते. सिक्युरिटीत "मॉडिफाय" दिलंय आणि शेअरिंगमध्ये "रीड"च राहिलंय, हा नेहमीचा घोळ.

१२१९: त्याच सर्व्हरला तुम्ही आधीच दुसऱ्या युजरने जोडलेले आहात. "नेट यूज * /डिलीट" चालवा. ही कमांड सगळे लावलेले ड्राइव्ह काढते, तेव्हा आधी फायली बंद करा.

१२७२: सर्व्हर किंवा नॅस पाहुणा म्हणून, पासवर्डशिवाय आत घेतोय आणि तुमच्या विंडोजला ते मंजूर नाही.

नवीन लॅपटॉप घेतला आणि जुनं नॅस उघडेनासं झालं. जुन्या लॅपटॉपवर अजून चालतं.

विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून प्रो मध्ये दोन गोष्टी कडक झाल्या. पासवर्डशिवायचं गेस्ट प्रवेशद्वार बंद झालं आणि एसएमबीच्या प्रत्येक पाकिटावर सही, म्हणजे साइनिंग, सक्तीची झाली. गेस्टला सही करता येत नाही, त्यामुळे "सगळ्यांना खुलं" ठेवलेलं जुनं नॅस आपोआप बाद होतं.

नॅसवर प्रत्येकाचं वेगळं खातं करा, पासवर्ड द्या, गेस्ट बंद करा, आणि एसएमबीची किमान आवृत्ती २ ठेवा. अर्ध्या तासाचं काम. इंटरनेटवर याऐवजी विंडोजमधलं संरक्षण काढायचे, एसएमबी १ परत चालू करायचे उपाय सापडतील. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तो याच एसएमबी १ मधल्या भोकातून. नॅस इतकं जुनं असेल की त्याला एसएमबी २ येतच नाही, तर ते नॅसच बदला.

काल संध्याकाळपर्यंत चालत होतं. कुणी काही बदललं नाही, आणि आज सकाळपासून बंद.

लाइट गेली होती का ते आधी विचारा.

लाइट जाऊन आली की राउटर नव्याने पत्ते वाटतो, आणि सर्व्हरला .५ ऐवजी .११ मिळू शकतो. राउटरच्या डीएचसीपी, म्हणजे पत्ते वाटायच्या, पानावर सर्व्हरच्या मॅक ॲड्रेसला (नेटवर्क कार्डाच्या स्वतःच्या नंबराला) .५ कायमचा राखून ठेवा. सर्व्हर लाइट आल्यावर आपोआप सुरू झाला का हेही बघा. बायोसमध्ये "एसी पॉवर लॉस"नंतर काय करायचं ते ठरवता येतं, तिथे "पॉवर ऑन" ठेवा. स्लीप पूर्ण बंद करा, कारण झोपलेला पीसी फायली देत नाही.

जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल संपला असेल तर लाइट जाऊन आल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. व्हीपीएन त्याच पीसीवर असेल तर सर्टिफिकेट "अजून लागू झालेलं नाही" म्हणून कनेक्शन नाकारलं जातं. एका छोट्या सेलपायी अख्खं ऑफिस खोळंबतं.

यूपीएसकडेही नजर टाका. पीसी यूपीएसवर असतो, पण फायबरचा ओएनटी डबा आणि राउटर भिंतीवरच्या साध्या सॉकेटला. लाइट गेली की सर्व्हर जिवंत, आणि त्याच्यापर्यंत जायचा रस्ता मेलेला. ओएनटी आणि राउटरला वीज फार कमी लागते, त्यांनाही यूपीएसवर घ्या. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडखाली, माळ्यावर ठेवलेला राउटर दुपारी हँग होत असेल आणि सकाळी बरा असेल, तर सेटिंगमध्ये काही शोधू नका. त्याला खाली, हवेशीर जागी आणा. आणि संक्रांतीला गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, सुट्टीत जाताना शेवटचा माणूस मेन स्विच पाडून जातो, तेव्हा सर्व्हरच्या लाइनवर "बंद करू नये" अशी चिठ्ठी लावलेली बरी.

व्हीपीएनच जोडलं जात नाही. ऑफिसचं इंटरनेट तर चालू आहे.

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे इंटरनेटच्या बाजूचा पत्ता, बघा. मग ऑफिसातूनच ब्राउझरमध्ये "माझा आयपी काय" शोधा. दोन्ही आकडे वेगळे आले, आणि त्यातही वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांच्यामधला असेल, तर इंटरनेट कंपनीने एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बऱ्याच ग्राहकांना बसवलंय. याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून तुमच्या राउटरपर्यंत कुणी येऊच शकत नाही, मग पोर्ट फॉरवर्ड कितीही करा. कंपनी बदलल्यावर किंवा प्लॅन बदलल्यावर अचानक व्हीपीएन बंद पडलं तर पहिला संशय इथेच. कंपनीकडून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा टेलस्केलसारखं व्हीपीएन वापरा. त्यात दोन्ही बाजू आतून बाहेर जोडतात, त्यामुळे सीजीनॅट आडवं येत नाही.

आकडे सारखेच असतील तर पोर्ट बघा. वायरगार्डचं नेहमीचं यूडीपी ५१८२०, ओपनव्हीपीएनचं यूडीपी ११९४, एल२टीपी आयपीसेकचं यूडीपी ५०० आणि ४५००. वायरगार्ड "ॲक्टिव्ह" दाखवतं म्हणून फसू नका. त्यात "लेटेस्ट हँडशेक"ची ओळ नसेल तर पलीकडून उत्तरच आलेलं नाही.

दोघं एकदम जोडलो की दोघांचंही तुटत राहतं.

एकच कॉन्फिग फाइल दोन लॅपटॉपवर टाकलीये. वायरगार्डमध्ये एक चावी म्हणजे एक मशीन. ज्याने शेवटचं पाकीट पाठवलं त्याच्याकडे सर्व्हर वळतो, मग दुसरा पाठवतो आणि सर्व्हर तिकडे वळतो. प्रत्येक मशीनला वेगळी चावी आणि वेगळा १०.८.०.० मधला पत्ता द्या. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकलेली कॉन्फिग फाइल रद्दच समजा.

मोबाइलवर व्हीपीएन लावलं आणि त्याच मोबाइलचा हॉटस्पॉट लॅपटॉपला दिला. फोल्डर येत नाही.

येणारच नाही. मोबाइलवरचं व्हीपीएन साधारणपणे त्या मोबाइलपुरतंच असतं, हॉटस्पॉटवरून जोडलेल्याला त्याचा उपयोग होत नाही. व्हीपीएन लॅपटॉपवरच लावा.

फोल्डर उघडतं, पण भयंकर हळू. शंभर एमबीपीएसचा प्लॅन आहे!

घरचा डाउनलोड वेग किती यापेक्षा ऑफिसचा अपलोड किती हे बघा, कारण फाइल तिथून वर चढते. अपलोड २० एमबीपीएस असेल तर सेकंदाला जास्तीत जास्त २.५ एमबी जाणार. ५०० एमबीच्या फाइलला २०० सेकंद, म्हणजे सव्वातीन मिनिटांच्या वर, आणि तेही दुसरं कुणी नेट वापरत नसेल तर.

पण खरी गोम वेगात नाही, फेऱ्यांत आहे. एसएमबी बोलघेवडं आहे. एक फोल्डर दाखवायला ते सर्व्हरशी शेकडो वेळा ये-जा करतं. ऑफिसात एक फेरी अर्ध्या मिलिसेकंदात होते, २,००० फेऱ्यांना एक सेकंद. पुण्याहून एक फेरी ३० मिलिसेकंदांची धरली तर त्याच २,००० फेऱ्यांना एक मिनिट. प्लॅन दुप्पट केला तरी हे मिनिट कमी होत नाही.

जॅकार्डच्या डिझाइनचं फोल्डर याचा उत्तम नमुना. शेकडो बीएमपी फायली, आणि एक्सप्लोरर प्रत्येकीचं छोटं चित्र काढायला प्रत्येक फाइल वाचायला जातो. व्ह्यू "डिटेल्स"वर ठेवा, आणि फोल्डर ऑप्शन्समध्ये "नेहमी आयकॉन दाखवा, थंबनेल नको" यावर खूण करा. वर्षवार किंवा पार्टीवार छोटी फोल्डरं केली तर आणखी बरं. मोठी फाइल आधी लॅपटॉपवर कॉपी करा, काम करा, परत टाका. कॉपीला रोबोकॉपी वापरा, /झेड /आर:३ /डब्ल्यू:१० या पर्यायांसह. हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसून कॉपी लावली आणि भिगवणच्या आसपास नेट गेलं, तर ती पुढे तिथूनच चालू राहते. /आर दिलं नाही तर रोबोकॉपी मुळात दहा लाख वेळा प्रयत्न करतं.

पिंग चालतं, फोल्डरची यादीही येते, पण फाइल उघडताना किंवा कॉपी करताना अडकतं.

छोटी पाकिटं जातात आणि मोठी अडकतात, म्हणजे एमटीयूचा (पाकिटाच्या जास्तीत जास्त आकाराचा) प्रश्न. व्हीपीएन प्रत्येक पाकिटावर आपलं वेष्टन चढवतं, आणि वाटेतल्या एखाद्या दारातून ते जाड पाकीट मावत नाही. मोजायला:

पिंग -एफ -एल १४०० १०.५७.२०.५

आकडा हळूहळू कमी-जास्त करत उत्तर येणारा सगळ्यात मोठा आकडा शोधा आणि त्यात २८ मिळवा. १३५२ पर्यंत उत्तर आलं, १३५३ ला नाही, तर एमटीयू १३८०. वायरगार्डच्या इंटरफेस भागात "एमटीयू = १३८०" अशी ओळ घाला. ओपनव्हीपीएनमध्ये एमएसएसफिक्स कमी करा.

टॅलीचा डेटा शेअर्ड फोल्डरमध्ये आहे. घरून व्हीपीएनवर त्यातच नोंदी केल्या तर?

करू नका. फाइलवर चालणारं कुठलंही हिशेबाचं सॉफ्टवेअर, ॲक्सेसची फाइल, जुनं फॉक्सप्रोतलं बिलिंग, सगळ्यांना हाच नियम. एकेका व्हाउचरला ढीगभर फेऱ्या होतात म्हणून ते हळू चालतं हे एक वेळ सहन करता येईल. पण नोंद अर्धी लिहून झालेली असताना व्हीपीएन तुटलं तर डेटा बिघडतो, आणि मार्च अखेरीला हे झालं तर बॅकअप शोधत बसावं लागतं.

त्याऐवजी व्हीपीएनमधूनच ऑफिसच्या पीसीवर रिमोट डेस्कटॉप घ्या. टॅली तिथेच चालतं, तुमच्याकडे फक्त पडद्याचं चित्र येतं. नेट तुटलं तरी टॅली तिकडे उघडंच राहतं, परत जोडलं की अर्धवट व्हाउचर समोर. ऑफिसच्या पीसीवर विंडोज प्रो लागतं, होम चालत नाही. घरच्या लॅपटॉपवर होम असेल तरी चालतं. शेअर्ड फोल्डर एक्सेल, पीडीएफ आणि डिझाइनसाठी ठेवा.

झेड ड्राइव्हवर लाल फुली दिसते. आणि टॅलीत किंवा दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये तो ड्राइव्ह दिसतच नाही.

लाल फुलीवर डबल क्लिक केल्यावर उघडत असेल तर काही बिघडलेलं नाही. काही मिनिटं वापर नसला की सर्व्हर कनेक्शन सोडून देतो, विंडोजमध्ये हा काळ मुळात १५ मिनिटांचा आहे. लॅपटॉप चालू केल्या केल्या "सगळे ड्राइव्ह जोडता आले नाहीत" असं येतं, कारण तेव्हा व्हीपीएन लागलेलंच नसतं. डेस्कटॉपवर एक छोटी बॅच फाइल ठेवा, तिच्यात "नेट यूज झेड: \\१०.५७.२०.५\हिशेब" ही ओळ, आणि व्हीपीएन जोडल्यावर ती चालवा.

एक्सप्लोररमध्ये दिसतो आणि प्रोग्रॅममध्ये नाही, तर तो प्रोग्रॅम "रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर"ने उघडलेला असणार. ॲडमिनची बैठक वेगळी, तिला तुमचे ड्राइव्ह दिसत नाहीत. प्रोग्रॅम साधा उघडा.

"फाइल दुसऱ्याने उघडली आहे" असं येतं. कुणीच उघडलेली नाही.

कुणाचं तरी व्हीपीएन फाइल उघडी असताना तुटलं आणि सर्व्हरला ती अजून त्याच्याच हातात वाटते. सर्व्हरवर एफएसएमजीएमटी डॉट एमएससी उघडा, "ओपन फाइल्स"मध्ये ती फाइल शोधा आणि राइट क्लिक करून बंद करा. आधी त्या माणसाला फोन करून खात्री करा. तो खरंच लिहीत असेल तर त्याचं सेव्ह न केलेलं काम जाईल. सर्व्हर म्हणून साधं विंडोज १० किंवा ११ वापरत असाल तर एका वेळी २० कनेक्शनची मर्यादाही लक्षात ठेवा.

व्हीपीएनची कटकट नको, राउटरवर ४४५ च फॉरवर्ड केलं तर?

नाही. काही तासांत कुणीतरी पासवर्ड ठोकून बघायला लागेल, आणि एखाद्या सकाळी सगळ्या फायलींची नावं बदललेली आणि खंडणीची चिठ्ठी ठेवलेली दिसेल. ३३८९ चंही तसंच, रिमोट डेस्कटॉप व्हीपीएनच्या आतूनच.

मराठी नावाच्या फायली काही वेळा कॉपी होत नाहीत.

विंडोजमध्ये पूर्ण पत्त्याची नेहमीची मर्यादा २६० अक्षरांची, आणि देवनागरीत काना, मात्रा, अनुस्वार सगळे वेगळे मोजले जातात. "सोलापूर" दिसायला चार अक्षरं, मोजायला सात. लिनक्सवर चालणाऱ्या नॅसमध्ये तर एका नावाला सहसा २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम ८५ चिन्हं. "सन २०२४-२५ मधील सर्व पार्ट्यांची येणे बाकी व टॉवेल माल परत आल्याचा एकत्रित तपशील सुधारित अंतिम प्रत" हे नाव त्यात मावत नाही. "येणेबाकी-२०२४-२५" पुरतं.

माणूस काम सोडून गेला. त्याचं काय काय बंद करायचं?

व्हीपीएनमधली त्याची चावी किंवा सर्टिफिकेट, फाइल सर्व्हरवरचं खातं, आणि रिमोट डेस्कटॉपच्या यादीतलं नाव. तिन्ही, आणि त्याच दिवशी. खातं पुसण्याऐवजी "डिसेबल" करा, म्हणजे त्याच्या फायलींची मालकी कुणाची होती हे नंतरही दिसतं. सगळे मिळून एकच युजर वापरत असतील तर सगळ्यांचा पासवर्ड बदलावा लागेल, आणि मग प्रत्येकाच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमधली जुनी नोंदही काढावी लागेल.